शेपूट-चाकाचें विमान

चाकें जमिनीस टेकलीं म्हणजे वैमानिक सुटला, अशी आमच्या वाचकांची समजूत असेल. शेपटाखालीं चाक असलेल्या लहान विमानांत, उदाहरणार्थ १९३८ सालच्या पायपर कबमध्यें, खरी कसोटी तेथूनच लागते. त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागें असतो. आडव्या वाऱ्यानें तोंड किंचित् वळलें कीं मागचा भार पुढें धांवूं पाहतो व वळण वाढतच जातें. बैल जुंपलेली गाडी मागें रेटून पाहिलेल्यास हें नवें नाहीं. त्यांतच वेग ओसरतो, सुकाणूवरचा वारा मंदावतो, विमान गर्रकन् फिरतें आणि पंख जमिनीस घासतो. यासच ग्राउंड लूप म्हणतात. सुकाणू पायांनीं चालतें. वळण डोळ्यांस दिसेपर्यंत थांबलेला पाय बहुधा उशिराच पोंचतो. १९५६ सालीं विक्रीस आलेल्या सेस्ना १७२ मध्यें तें चाक नाकाखालीं आहे, म्हणून ही भीति पुष्कळ कमी. पण कब अद्याप उडतात, आणि विमान पुरतें थांबेपर्यंत त्यांच्या वैमानिकास पाय सैल सोडतां येत नाहींत.