आयएसएलचा हंगाम वाचला. प्रक्षेपणाच्या मूल्याचा प्रश्न मात्र कायम

नवी दिल्ली : देशातील अव्वल फुटबॉल स्पर्धा असलेल्या इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) रखडलेला २०२५-२६ हंगाम १४ फेब्रुवारीपासून सुरू करण्याची घोषणा केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी ६ जानेवारी रोजी केली. त्यामुळे अनिश्चिततेचे सावट तूर्त दूर झाले असले, तरी १४ संघांच्या या स्पर्धेत केवळ ९१ सामने होणार आहेत. गेल्या हंगामात १३ संघांमध्ये साखळी फेरीचेच १५६ सामने झाले होते. प्रत्येक संघाच्या वाट्याला यंदा २४ ऐवजी १३ सामने येतील. आशियाई क्लब स्पर्धांतील प्रवेशासाठी हंगामात किमान २४ सामन्यांचा निकष असल्याने या कपातीची किंमत मैदानाबाहेरही मोजावी लागू शकते.

संकटाचे मूळ एका करारात आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ८ डिसेंबर २०१० रोजी आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले होते. या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी, म्हणजे हंगामाच्या मध्यावरच संपणार होती. नूतनीकरणाबाबत स्पष्टता नसल्याने ‘एफएसडीएल’ या संयोजक कंपनीने जुलै २०२५ मध्ये हंगाम स्थगित केला. सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर रोजी महासंघाच्या नव्या घटनेला काही बदलांसह मान्यता दिली आणि निविदेचा मार्ग मोकळा झाला. तथापि, वर्षाला किमान साडेसदतीस कोटी रुपयांची अपेक्षा ठेवणाऱ्या या प्रक्रियेत ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही.

ग्राहक का मिळाला नाही?

पंधरा वर्षांच्या काळात हक्कांचा धारक आणि स्पर्धेचा संयोजक एकच होता. अलीकडच्या हंगामांत तर प्रक्षेपण करणारी वाहिनीही त्याच उद्योगसमूहाशी निगडित होती. व्यवहार घरातल्या घरात होत असल्याने भारतीय फुटबॉलचे खुल्या बाजारातील मूल्य किती, याची कसोटी कधी लागलीच नाही. ती प्रथमच लागली, तेव्हा उत्तर शून्य आले.

त्याचे चटके क्लबांना आणि खेळाडूंना बसले. २०२०-२१ मध्ये साखळी फेरी आणि अंतिम लढत दोन्ही जिंकणाऱ्या मुंबई सिटी एफसीमधून ‘सिटी फुटबॉल ग्रुप’ने डिसेंबरमध्ये माघार घेतली. त्याच महिन्यात फातोर्डा येथे सुपर कप जिंकणाऱ्या एफसी गोवापुढेही विजेतेपदानंतर पुढचा सामना कधी, हा प्रश्न होता. जानेवारीच्या आरंभी सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासह अनेक खेळाडूंनी चित्रफितीद्वारे थेट ‘फिफा’ला साकडे घातले. महाराष्ट्राला अशी वाताहत नवी नाही. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तर एफसी पुणे सिटीचा प्रवास २०१९ मध्ये थांबला.

सार्वजनिक वाहिनीचा पर्याय

सरकारच्या मध्यस्थीने हंगाम उभा राहिला, मग प्रक्षेपणाचा भारही सरकारी वाहिनीने का उचलू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. राजधानीत जुने महाराष्ट्र सदन ज्या कोपर्निकस मार्गावर आहे, त्याच मार्गावर दूरदर्शनचे मुख्यालय आहे. ‘डीडी फ्री डिश’मुळे मासिक शुल्क न भरणाऱ्या घरांपर्यंतही दूरदर्शन पोहोचते. प्रेक्षकवर्ग वाढवण्यास ते निश्चितच उपयुक्त ठरेल. मात्र पोहोच म्हणजे उत्पन्न नव्हे. २००७ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित स्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावे लागते आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाला मिळतो. परंतु जाहिरातीच आल्या नाहीत, तर वाटून घेण्यासारखे काही उरत नाही.

सरकारी तिजोरीतून हक्क विकत घेण्याचा प्रयोग अर्जेंटिनात झाला आहे. २००९ मध्ये क्लबांच्या थकलेल्या देण्यांमुळे तेथील प्रथम श्रेणी स्पर्धेचा प्रारंभ लांबला. तेव्हा तेथील महासंघाने खासगी कंपनीशी असलेला करार मोडला आणि सरकारने वर्षाला ६० कोटी पेसो देऊन सर्व सामने सरकारी वाहिनीवर मोफत दाखवण्यास सुरुवात केली. प्रेक्षक सुखावले, पण क्लबांची कर्जे हटली नाहीत. २०१७ मध्ये सरकारने हात आखडता घेतला. त्या वर्षी मार्चमध्ये थकीत वेतनासाठी खेळाडूंनी संप पुकारला आणि ३० संघांची स्पर्धा पुन्हा खोळंबली. आठ वर्षांनी तोच प्रश्न परत उभा राहिला, कारण पैसा देणारा बदलला होता, खर्चाची शिस्त बदलली नव्हती. पुढे हक्क पुन्हा खासगी कंपन्यांकडे गेले.

भारतासाठी यातील बोध स्पष्ट आहे. यंदाच्या स्पर्धेसाठी सुमारे २५ कोटी रुपयांचा मध्यवर्ती निधी उभारण्यात आला आहे. ही तातडीची मलमपट्टी आहे. तिने एक हंगाम निभावेल. दीर्घकालीन उपायासाठी संयोजन आणि प्रक्षेपण यांचे हक्क वेगळे करणे, ते अल्प मुदतीने आणि खुल्या स्पर्धेतून विकणे, तसेच क्लबांच्या वेतनखर्चाला उत्पन्नाशी बांधणारी मर्यादा घालणे आवश्यक ठरेल. हे ९१ सामने किती जण पाहतात, याचे विश्वासार्ह आकडे महासंघाने जाहीर केले, तर पुढील निविदेला किमान आधार मिळेल. अन्यथा पुढच्या हंगामाचे भवितव्यही मैदानाऐवजी न्यायालयात आणि मंत्रालयातच ठरण्याची भीती आहे.