यात्रा वर्षातून एकदा, सालदारी वर्षभर

महाशिवरात्रीला तोरणमाळच्या पठारावर पाय ठेवावयास जागा उरत नाही. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर मार्गे सातपायरीचा घाट चढून सुमारे 1,100 मीटर उंचीवरील या पठारावर खानदेशातील शेतकरी येतो, सीमेपलीकडून मध्य प्रदेशातील बारेला येतो, गुजरातेतून वसावे-पाडवी मंडळी येतात. गोरक्षनाथाच्या दर्शनाच्या रांगेत भिल्ल, पावरा, पाटील, वाणी, सारेच एकामागे एक उभे असतात. कोणी कोणास जात विचारीत नाही. यशवंत तलावाच्या काठी शिदोऱ्या सुटतात. हिंदू समाज एकसंध आहे याचा पुरावा ज्यांना हवा असेल त्यांनी हे दृश्य अवश्य पाहावे, असे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते, आणि ते खोटे नाही.

परंतु यात्रा संपते. घाट उतरून खाली आले की रांगेत पुढे उभा असलेला आणि मागे उभा असलेला या दोघांचे नाते बदलते. एक बागायतदार होतो, दुसरा त्याचा सालदार. एक धनको, दुसरा ऋणको. यात्रा एका दिवसाची आणि सालदारी आखाजी ते आखाजी, पूर्ण वर्षाची. समाजात स्नेह नांदणार की वैर, हे कोणत्या संस्थेच्या बळावर ठरते, याचे उत्तर शहादा तालुक्याने एकदा फार महाग मोजून घेतलेले आहे.

मे 1971. टंचाईचे दिवस. पाटीलवाडी येथे जमीनदारांकडे धान्य मागावयास गेलेल्या वनवासींवर गोळीबार झाला आणि त्यात एकाचा बळी गेला. त्या वेळी मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली सशस्त्र रखवालदार नेमलेले होते. ज्यांच्यापासून पीक राखावयाचे, त्यांच्याच वाडवडिलांच्या त्यातील कित्येक जमिनी कर्जापोटी, अंगठ्यापोटी हातच्या गेलेल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याने हा प्रश्न सर्वोदयी मंडळींसह उचलला. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्यास भूमुक्ती परिषद झाली. पुढे शहरांतून डाव्या विचारांचे तरुण येऊन श्रमिक संघटना उभी राहिली. ते तरुण कोणत्या विचारांचे होते यावर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली. ते येईपर्यंत आपण कोठे होतो, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

वनवासी स्वभावतःच हिंसक, असे मानण्याची सवय जुनी आहे. इंग्रजांनी तर 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. खानदेशचा इतिहास याच्या नेमके उलट सांगतो. भिल्ल नाईकांकडे गावाच्या राखणीचे, घाटवाटांचे हक्क होते. त्याबद्दल त्यांना गावाकडून ठरलेला वाटा मिळे. 1802-03 च्या होळकरी धामधुमीत आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात गावेच उद्ध्वस्त झाली, वाटा बंद पडला. कालचा राखणदार आज लुटारू ठरला. पेशवाईच्या अखेरच्या काळात अंमलदारांनी त्यावर जो उपाय योजला तो विश्वासघातकी कत्तलींचा होता, हे कटू असले तरी नमूद केले पाहिजे. 1818 मध्ये खानदेश कंपनीच्या हाती आला, तेव्हा कंपनीनेही आधी फौजाच धाडल्या. त्या थकल्यावर 1825 मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाली, हक्क मान्य झाले, तगाई मिळाली आणि औट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना लुटारू म्हटले जात होते तेच लोक त्याच मुलखात शांतता राखू लागले. माणसे तीच होती. बदलला होता तो त्यांचा आणि गावाचा करार. (इंग्रजांचा हेतू परोपकाराचा नव्हता, हे सांगावयास नकोच. पुढे त्यांच्याच जंगल कायद्याने त्या माणसांच्या पायाखालचे रान काढून घेतले.)

लोकवस्तीचेही असेच. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण 69 टक्क्यांहून अधिक. तरीही तापीकाठची काळीभोर जमीन मुख्यतः कोणाकडे आणि सातपुड्याचा खडकाळ उतार कोणाकडे, हे सांगावयास जनगणना लागत नाही. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. महसूल, सावकारी आणि कोर्टकचेऱ्या यांनी केली. आजही दिवाळी उरकली की डोंगरातली कुटुंबे दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस निघतात. मुकादम उचल देतो आणि नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाची गणती हत्याराच्या नावाने होते आणि त्या कोयत्याबरोबर गेलेले मूल शाळेच्या हजेरीपटावरच राहते.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील सहा शहरांचा अभ्यास करून 2002 साली मांडलेला निष्कर्ष येथे विचारात घेण्याजोगा आहे. त्यांची सर्व मते पटतील असे नाही. परंतु भिन्न समूहांची माणसे व्यापारात, संघटनांत, व्यवसायांत एकत्र गुंतलेली असतील तर अफवा दंगलीत रूपांतरित होत नाही, केवळ शेजारचा गोडवा पुरत नाही, हे त्यांचे म्हणणे शहाद्यालाही लागू पडते. गुंतणे मात्र बरोबरीचे हवे. धनी आणि सालदारही एकमेकांत गुंतलेलेच होते.

बरोबरीची ही मागणी बाहेरून आलेली नाही. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी 1937-38 मध्ये हजारो भिल्लांना आरतीसाठी एकत्र केले, दारू सोडावयास लावली, स्वच्छतेचा आग्रह धरला आणि प्रत्येकास ‘आप’ म्हणून संबोधण्याचा परिपाठ घातला. ज्याला गावात ‘अरे-तुरे’शिवाय हाक आली नव्हती, त्याला ‘आप’ म्हणणे ही केवढी क्रांती! 1938 मध्ये महाराज गेले. त्यांचे बंधू रामदास महाराजांनी ते कार्य पुढे चालविले. 1972 नंतर शहाद्याच्या वनवासी भगिनींनी दारूची मडकी फोडली, त्यामागे ही पूर्वपुण्याई नव्हती असे कसे म्हणावे?

धर्मांतराचा प्रश्नही याच प्रकाशात पाहावा लागतो. नवापूरकडे मिशनची रुग्णालये, शाळा गेली कित्येक दशके उभी आहेत. एक घर वेगळे झाले की ते गावदेवाची वर्गणी देत नाही, होळीला येत नाही, पंच वाद मिटवू शकत नाहीत आणि गाव दुभंगते. ही वेदना खरी आहे. पण आजारी लेकराला खांद्यावर घेऊन डोंगर उतरणाऱ्या बापाने औषध कोणाकडे मागावयाचे होते? निषेधाच्या सभा घेण्यापूर्वी याचे उत्तर द्यावे लागेल. ते देणारी माणसे आपल्यात आहेत. वनवासी कल्याण आश्रमाचे काम 1952 पासून सुरू आहे, नंदुरबारमध्ये डॉ. हेडगेवार सेवा समिती कृषी विज्ञान केंद्र चालविते. गरजेच्या मानाने ते अपुरे आहे, इतकेच.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील बारीपाडा हे गाव पाहावे. 1990 च्या दशकाच्या आरंभी येथील रान उजाड होते, विहिरी कोरड्या, माणसे पोटासाठी बाहेर. कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांनी तेथे भाषणे केली नाहीत. गावाला बसवून नियम केले. झाड तोडणाऱ्यास दंड, मग तो बारीपाड्याचा असो वा शेजारच्या गावाचा. वसुलीही गावच करी. सुमारे 445 हेक्टर जंगल राखले गेले. पाणी आले, शेती आली, स्थलांतर ओसरले. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी वाचकांना गावाचे नाव कळले.

तोरणमाळ परिसरातील पाड्यांना 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेचे अधिकार दिले आहेत. अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा कायदा तर 1974 पासून आहे, अंबरसिंग गेले त्याच वर्षापासून. कागदांवरचे हे अधिकार पाड्यात बसून वाचून दाखवावयास, दाव्यास नकाशा जोडावयास, तलाठ्याकडे चार हेलपाटे घालावयास माणूस लागतो. महाशिवरात्रीला प्रसाद आणि पाणी वाटण्यासाठी स्वयंसेवकांची वाण कधी पडत नाही. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे गाड्या भरतात त्या रात्री, उचलीचा हिशेब वाचून पाहणारा आणि मुलांना मागे ठेवण्यासाठी वसतिगृहाची जागा धरून ठेवणारा कोणी पाड्यावर नसतो.