‘सावकारी पाश’ : पडद्यावरचा आणि शिवारातला

१९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला, तेव्हा भारतीय पडद्यावर देवादिकांचे आणि राजेरजवाड्यांचे राज्य होते. त्या दरबारात बाबुराव पेंटर यांनी कर्जबाजारी शेतकऱ्याला आणून उभे केले. नारायण हरी आपटे यांची कथा साधी आहे. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर जमीन बळकावतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती.

बाबुराव हे मेस्त्री घराण्यातले कारागीर. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता त्यांनी स्वतःचा कॅमेरा घडविला आणि सपाट रंगीत पडद्यांच्या जागी घडीव नेपथ्य आणले. वस्तू आणि छायाप्रकाश ही त्यांची भाषा होती. याच कथेच्या पुढच्या बोलपटातले अंधारातली मोडकी झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे हे दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या जाणकाराच्या पुढे अनेक वर्षे स्मरणात राहिले.

या शैलीचा विचार कार्यकर्त्यांनी अवश्य करावा. चित्रपट निघाला तेव्हा निजामी राजवटीत असलेला जालना १९४८ साली मुक्त झाला, १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. सावकारी नियमनाचा नवा कायदा २०१४ साली आला. कागदाचे स्वरूप मात्र अधिक सफाईदार झाले आहे. कर्ज देताना गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेतले, की व्यवहार वरकरणी कायदेशीर ठरतो. सावकारीतून बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. परंतु ती खरेदी नसून कर्ज होते, हे दाखविण्याचे ओझे प्रत्यक्षात शेतकऱ्याच्याच डोक्यावर येते.

अशा वेळी सावकाराच्या दुष्टपणावर दिलेली भाषणे टाळ्या मिळवितात, जमीन सोडवीत नाहीत. भोकरदन-मंठ्याच्या शिवारात पेरणीपूर्वी सभा घ्यावयाची, तर खरेदीखताचा नमुनाच लोकांसमोर धरावा, त्यातला शब्द न् शब्द वाचून दाखवावा. कलापथकांनीही घोषणांपेक्षा कागदावर उमटणारा अंगठा दाखवावा. पाश कोठे आवळला जातो हे एकदा डोळ्यांना दिसले, की अंगठा उठविण्यापूर्वी हात थबकतो. चळवळीचे पहिले काम तेच आहे.