लहरींच्या प्रांतांतील काटकसर

बिनतारी लहरींचें क्षेत्र वाड्याच्या चौकासारखें सामाईक आहे. एकानें पाय पसरले कीं दुसऱ्यास आखडावे लागतात. हौशी बिनतारीवाल्यांच्या यंत्रांत मनुष्याच्या आवाजास सुमारें २४०० हर्ट्झ रुंदीची जागा लागते. इंग्लंडांतील पीटर मार्टिनेझ यांनीं १९९८ सालीं ‘पीएसके३१’ नांवाची जी पद्धति पुढें आणली, ती टंकलिखित संभाषण अवघ्या साठएक हर्ट्झांत बसविते. एका बोलक्या गृहस्थाच्या जागेंत, मधें अंतर सोडूनहि, वीसेक जोड्या सुखानें संवाद करूं शकतात.

ही काटकसर साधली कशी, तें पाहण्याजोगें आहे. लहरीचा हेलकावा उलटविला, म्हणजे शिखराच्या जागीं दरी आली, कीं ‘शून्य’ समजावयाचें. न उलटविला तर ‘एक’. असे संकेत सेकंदास ३१.२५ जातात, टंकलेखनाच्या वेगास तेवढे पुरतात. परंतु लहर एकाएकीं उलटविली तर आजूबाजूच्या जागेंत खरखर पसरते. म्हणून उलटण्यापूर्वीं तिचा जोर हळूहळू शून्यावर आणतात, मग ती फिरवितात, आणि पुन्हां हळूहळू वाढवितात. खरी मख्खी या सौम्य वळणांत आहे. संगणकाचा ध्वनि यंत्रास फाजील जोरानें दिला, तर हेंच वळण चेपटतें आणि एका उतावळ्यापायीं सगळ्या शेजाऱ्यांस उपद्रव होतो.

दुसरी युक्ति अक्षरांची. इंग्रजींत वारंवार येणाऱ्या लहान ‘ई’ला दोनच संकेत, विरळ अक्षरांस दहापर्यंत. अक्षर संपलें कीं दोन शून्यें. कोणत्याहि अक्षराच्या पोटांत मात्र लागोपाठ दोन शून्यें येत नाहींत, त्यामुळें घोटाळा होत नाहीं. (या हिशेबांत मराठीला रोमन वेष घ्यावा लागतो, हें आम्हांस खटकतें.)

२०१७ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी जोसेफ टेलर व त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनीं ‘एफटी८’ काढलें. पन्नास हर्ट्झांत तें गोंगाटाखालीं बुडालेला क्षीण संकेतहि वेंचून काढतें, आणि हौशी मंडळींचा ओढा तिकडे वळला. त्यांतील गणिताची करामत आम्ही मान्य करतों. पण तेथें पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात आणि एका पाळींत मोकळा मजकूर फक्त तेरा अक्षरांचा. बहुधा ओळखचिन्ह, ठिकाण व संकेताचा जोर एवढीच देवाणघेवाण होते. समोरच्याकडे पाऊस पडतो आहे कीं नाहीं, त्याच्या घरीं कोण कोण आहे, हें विचारावयास तेथें जागा उरत नाहीं. पीएसके३१च्या साठ हर्ट्झांत ती आहे.