कमरेला पिस्तूल, मनात भय

दिनांक १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी शिरली. ती कोणा शत्रूने झाडलेली नव्हती. त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून ती सुटली होती. प्रवासास निघण्यापूर्वी शस्त्र कपाटात ठेवीत असता ते हातातून निसटले आणि रक्षणासाठी घेतलेले साधन धन्यावरच उलटले. जिवावरचे पायावर निभावले, हे सुदैव. याच जातीची घटना सोळा वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये घडली होती. प्लॅक्सिको बरेस हा तेथील फुटबॉलचा नामांकित खेळाडू नोव्हेंबर २००८ मध्ये एका नाइटक्लबात गेला, तो विजारीच्या कमरपट्टीत भरलेले पिस्तूल खोवूनच. ते घसरू लागले, सावरण्यासाठी हात गेला, चाप दाबला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत घुसली. त्या शहरात शस्त्र बाळगण्याचा परवाना त्याच्यापाशी नव्हता. ज्याने त्याच वर्षाच्या आरंभी आपल्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले होते, त्याला पुढल्या वर्षी दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या दोन घटनांची आठवण आम्ही करून देत आहोत, ती कोणाच्या दुर्दैवाची थट्टा करण्यासाठी नव्हे. अमेरिकेत कपड्याआड पिस्तूल बाळगण्याच्या ज्या अनेक तऱ्हा आहेत, त्यांतील एक अलीकडे विशेष लोकप्रिय झाली आहे. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, विजारीच्या आत, पाठीमागे वा कुशीला न लावता पोटाच्या पुढल्या बाजूस, बेंबीच्या खाली किंचित उजवीकडे अडकवायचे आणि वरून सदरा सोडायचा. आंत्रपुच्छाची ही जागा, म्हणून या पद्धतीला ‘अपेंडिक्स कॅरी’ असे नाव पडले. तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. हात चटकन पोचतो, शस्त्र बाहेरून दिसत नाही आणि मागून येऊन कोणी ते हिसकावून घेऊ शकत नाही. परंतु या सोयीची किंमत काय, हे शरीररचना ठाऊक असणारा कोणीही सांगेल. माणूस बसला की नळीचे तोंड त्याच्याच जांघेकडे वळते, आणि जांघेतून मांडीत उतरणारी मुख्य धमनी तुटली तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. पिस्तूल म्यानात परत घालताना सदऱ्याचे टोक चापात अडकले तरी अनर्थ ओढवतो. म्हणूनच या पद्धतीचे जाणते शिक्षक चाप पूर्ण झाकणारे टणक म्यान वापरा, पिस्तूल परत घालताना घाई करू नका, असे शिष्यांना बजावून सांगत असतात. ज्या वस्तूविषयी इतके बजावावे लागते, ती दिवसाचे बारा तास पोटाशी बाळगण्याची पाळी लक्षावधी सुशिक्षित नागरिकांवर का यावी, हा आमचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर तेथील कायद्यात आणि त्याहून अधिक तेथील भयात आहे. न्यूयॉर्क राज्यात शंभराहून अधिक वर्षे असा नियम होता की, लपवून पिस्तूल बाळगायचे तर सबळ कारण दाखवावे लागे. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने तो रद्द केला. आज त्या देशातील निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ नागरिकाला यासाठी परवान्याचीही गरज उरलेली नाही. एकाच्या सदऱ्याखाली पिस्तूल असेल या शंकेने दुसरा आपले पिस्तूल घेतो, आणि त्याच्या पिस्तुलाच्या शंकेने तिसरा. भयाचे हे चक्रवाढ व्याज कोणत्याच पिढीत फिटणारे नाही.

पिस्तुलाने रक्षण कधी होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. जुलै २०२२ मध्ये इंडियाना राज्यातील ग्रीनवुड येथील मॉलमध्ये गोळीबार करणाऱ्या माथेफिरूला बावीस वर्षांच्या एका सशस्त्र तरुणाने काही क्षणांत टिपले आणि अनेकांचे प्राण वाचविले, हे सत्य मान्य केलेच पाहिजे. परंतु एका उदाहरणावरून धोरण ठरत नसते. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. चोरासाठी घेतलेले शस्त्र घरातल्याच खचलेल्या माणसाच्या हाती लागते, असाच याचा अर्थ. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाचा हात आईच्या पर्समधील पिस्तुलावर पडला आणि ती माता जागच्या जागी गतप्राण झाली. शस्त्र असले म्हणजे धैर्य येते, हाही भ्रमच. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथे शाळेत शिरलेल्या मारेकऱ्याने एकोणीस मुले व दोन शिक्षिका यांचे बळी घेतले. त्या ठिकाणी ३७६ पोलीस व अन्य सुरक्षा अधिकारी येऊन पोचले होते, तरी मारेकऱ्याला गाठण्यास ७७ मिनिटे लागली. उलट फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधील एका बारमध्ये वर्णद्वेषाने पेटलेल्या माणसाने हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याला गोळी घातली, तेव्हा त्या खुनी माणसाच्या मागे धावून गोळी झेलणारा अमेरिकन तरुण निःशस्त्र होता. आपली मुलेबाळे ज्या देशात नोकरीधंद्यासाठी राहतात, त्या देशातील ही वार्ता आपणास परकी मानता येणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, तो आम्हांस ठाऊक आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवछत्रपतींनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते आणि गुप्त शस्त्रही बाळगले होते, मग नागरिकाने ते का बाळगू नये? परंतु तो एका राज्याच्या अस्तित्वाचा प्रसंग होता. शत्रू कोण, हे ठाऊक होते, त्याचा हेतूही ओळखलेला होता, आणि भेट आटोपल्यावर रयतेने आपापसांत वाघनखे लपवून बाजारात हिंडावे, असा काही त्याचा अर्थ नव्हता. महाराजांचे राज्य रयतेला प्रिय झाले ते तिला निर्भयपणे नांगर धरता येऊ लागला म्हणून.

आपल्या देशात शस्त्राचा प्रश्न निराळ्या वाटेने आला. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना मात्र मोकळीक ठेवली. त्या अपमानाचा सल इतका खोल होता की, १९३१ च्या कराची अधिवेशनातील ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला. तथापि स्वतंत्र भारताच्या घटनेत तो मूलभूत हक्क म्हणून आला नाही, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवाना ही सरकारने विचारपूर्वक द्यावयाची सवलत ठरविली. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेनेही कायम राखला आहे, पण त्यासाठी प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल हवे, असा त्याचा अन्वय नाही. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याचे शिक्षण आवश्यक केले आणि सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे ते म्यानात, झाकलेले, असे बंधन घातले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्नावरातीत हौसेने गोळ्या झाडणे हा गुन्हा ठरविला. कायदा, एकंदरीत, शहाणा आहे.

शहाणपण कमी पडते ते अंमलात. पिस्तुलाचा परवाना हे आपल्याकडे संकटापेक्षा प्रतिष्ठेचे लक्षण होऊन बसले आहे. गाडी, अंगरक्षक आणि सदऱ्याखालचा तो फुगवटा, हे तिन्ही मिळून पुढारी ओळखला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, एका आमदाराने प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा प्रकार घडला आणि त्या आमदारास अटक झाली. वाद जमिनीचा होता. पिस्तूल जवळ नसते तर तो हमरीतुमरीवर संपला असता. राग क्षणाचा असतो, पण हाताशी शस्त्र असले की त्या क्षणाची किंमत आयुष्यभर मोजावी लागते.

गोमंतकाला बंदूक नवी नाही. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत कुळागरे आणि काजूच्या बागा राखण्यासाठी शेतकऱ्याच्या ओटीवर पिढ्यान्‌पिढ्या बंदूक आहे. तिचाही गैरवापर होतो, आणि तो झाला तेथे शिक्षा झालीच पाहिजे. परंतु ती बंदूक खांद्यावर असते, साऱ्या वाड्याला दिसते, आणि ती रानडुकरे व माकडे यांना हुसकावण्यासाठी आहे, हे सर्वांस ठाऊक असते. लपविलेले पिस्तूल माणसासाठीच घेतलेले असते आणि ते कोणापाशी आहे, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. असे असता निवडणूक आली की शेतकऱ्याला आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि केळीचे लोंगर माकडांच्या स्वाधीन करून निकालाची वाट पाहावी लागते. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे, तो मात्र जिवाच्या धोक्याचे कारण पुढे करून सूट मागतो.

ही उफराटी रीत बदलावी, अशी आमची सूचना आहे. छाननी समितीने पीकराखणीच्या बंदुकांचा विचार हंगाम पाहून वेगळा करावा. पिस्तुलाच्या परवान्याची मात्र, नवा असो वा नूतनीकरणाचा, कसून परीक्षा व्हावी. धोका खरोखरच आहे काय, अर्जदारास शस्त्र हाताळता येते काय, घरात ते मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलूपबंद व्यवस्था आहे काय, हे कागदावर न पाहता प्रत्यक्ष पाहावे. आणि ज्याला खरोखर भय आहे, त्या नागरिकाची तक्रार पोलिसांनी पहिल्याच दिवशी नोंदवून घ्यावी. ती नोंदली गेली नाही, तर तो पिस्तुलाचा अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कचेरीच्या पायऱ्या चढणारच.

रात्रीची जत्रा आटोपून, काळोखातून, बायकामुलांसह निःशस्त्र घरी परतणारा माणूस ही आमच्या समाजाची खरी श्रीमंती आहे. तिचे रक्षण करणे हे सरकारचे काम. ते त्याने नागरिकाच्या कमरेवर सोपवू नये.