चौदाव्या दिवसाची गोळी

हिवतापाच्या निर्मूलनाचा संकल्प आपल्या देशाने पूर्वीही एकदा सोडला होता. १९५८ साली राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत देशातील रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. यश पदरात पडले अशा समजुतीने पहारा ढिला झाला आणि १९७६ साली तोच आकडा ६४ लाखांवर जाऊन पोहोचला. आता २०३० पर्यंत हा रोग नाहीसा करण्याचा निर्धार जाहीर झाला आहे. त्याचे स्वागत करताना या धड्याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

उपचाराचे प्रचलित धोरण शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. ताप आला की क्लोरोक्वीन देऊन मोकळे व्हावयाचे, ही जुनी रीत त्याने मोडीत काढली. प्रथम रक्त तपासावे, काचपट्टीचा निकाल २४ तासांत मिळणार नसेल तर तत्काळ निदानाची पट्टी वापरावी आणि जंतूची जात ओळखून मगच औषध द्यावे, असा त्याचा दंडक आहे. फाल्सिपेरम जातीला क्लोरोक्वीन पुरे पडत नाही, हे १९७३ साली आसामात प्रथम दिसून आले. २०१० पासून तिच्यासाठी देशभर आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध ठरविण्यात आले. व्हायव्हॅक्स जातीसाठी मात्र तीन दिवस क्लोरोक्वीन आणि १४ दिवस प्रायमाक्वीन असा क्रम आहे.

खरी कसोटी येथेच लागते. तीन दिवसांत ताप उतरतो, मजूर कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. जंतू मात्र यकृतात दडून बसलेला असतो. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तो पुन्हा उठतो आणि डासामार्फत शेजारच्या घरातही शिरतो.

याचा दोष रोग्याच्या अज्ञानावर ढकलणे आम्हांस मान्य नाही. दवाखान्यात येण्यासाठी जो दिवसाची मजुरी बुडवितो, त्यास चौदाव्या गोळीचे कारण कोणी समजावून सांगितले काय? हे औषध गर्भवतीस व तान्ह्या मुलास वर्ज्य आहे. जी-६-पीडी या द्रव्याची रक्तात उणीव असणाऱ्यांस ते अपाय करते. लघवी काळसर झाल्यास गोळी थांबवून तत्काळ केंद्र गाठावे, एवढे तरी प्रत्येकास कळले पाहिजे; आणि गडचिरोलीच्या आतल्या गावांत ते माडिया-गोंडीतच सांगितले पाहिजे.

सबब आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक उपकेंद्रात पट्ट्या व औषधे पोहोचली पाहिजेत. आशा कार्यकर्तीने १४ दिवस पाठपुरावा करावा अशी अपेक्षा असेल, तर त्या फेऱ्यांचा योग्य मोबदला तिला मिळाला पाहिजे. खासगी डॉक्टरांनीही रक्त न तपासता सुई टोचण्याची सवय सोडली पाहिजे. आणि किती गोळ्या वाटल्या याऐवजी किती रोग्यांनी औषध पुरे केले, याचीच नोंद वरिष्ठांनी मागितली पाहिजे.

धोरण राजधानीत ठरते, परंतु ते यशस्वी व्हावयाचे असते झोपडीत. तेथे चौदाव्या दिवशीची गोळी रोग्याच्या पोटात गेली, तरच २०३० चा संकल्प खरा ठरेल. एरवी १९७६ ची पुनरावृत्ती फार दूर नाही.