सालमिंगच्या जखमा नकोत, पास मोजा

टोरंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाला शंभराहून अधिक वर्षं झाली. कॅनडात या संघाचा दबदबा आपल्याकडच्या मुंबईच्या रणजी संघासारखा. थोर नावं इतकी की कुणाला वर धरावं आणि कुणाला खाली, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालावेत. गोल होण्याआधी ज्यानं पक म्हणजे ती रबरी चकती पुढं दिली, त्याच्या नावावर ‘असिस्ट’ जमा होतो. लीफ्ससाठी सर्वाधिक असिस्ट कुणाचे, याचं उत्तर मात्र वादातीत आहे. ते ना कॅनडात जन्मलेल्या खेळाडूचे आहेत, ना आघाडीच्या फळीतल्या. ते आहेत स्वीडनच्या पार उत्तर टोकावरून आलेल्या बचावपटूचे. ब्योर्ये सालमिंग, 620 असिस्ट.

तरीही सालमिंगचं नाव निघालं की आधी समोर येतो तो एक फोटो. नोव्हेंबर 1986. डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात गोलसमोर खेळाडू एकमेकांवर कोसळले आणि जेरार्ड गॅलंटच्या स्केटचं पातं खाली पडलेल्या सालमिंगच्या चेहऱ्यावरून फिरलं. डोळ्याच्या वरपासून तोंडापर्यंत चेहरा उभा फाटला, दोनशेहून अधिक टाके पडले. तो फोटो छापून छापून जुना झाला, पण त्याचं आकर्षण कमी होत नाही. माझी तक्रार त्या आकर्षणाबद्दल आहे. सालमिंगनं किती सोसलं हे सांगताना तो खेळला कसा, हे सांगायचं राहूनच जातं. आणि तो ज्या तऱ्हेनं खेळला, त्यातच त्याचं मोठेपण आहे.

1951 साली किरुनाच्या परिसरात त्याचा जन्म झाला. किरुना म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, लोखंडाच्या खाणीभोवती वसलेलं गाव. वडील सामी समाजातले. रेनडिअर पाळणारे ते लोक. ब्योर्ये पाच वर्षांचा असताना वडील खाणीतल्या अपघातात गेले. मोठा भाऊ स्टिग हॉकी खेळायचा, त्याच्या मागोमाग हाही बर्फावर उतरला. पुढं येव्ले शहराच्या ब्रिनेस संघात आला आणि 1971 व 1972 अशी लागोपाठ दोन वर्षं त्या संघानं स्वीडनचं अजिंक्यपद मिळवलं. 1972-73 च्या हिवाळ्यात टोरंटोसाठी खेळाडू हेरणारा जेरी मॅकनमारा एका गोलरक्षकाला पाहायला स्वीडनला आला. परतताना त्याच्या वहीत वेगळीच दोन नावं होती: सालमिंग आणि त्याचा सहकारी इंगे हमारस्ट्रॉम.

1973 च्या शरद ऋतूत हे दोघं टोरंटोत दाखल झाले. त्याआधीही स्वीडिश खेळाडू नॅशनल हॉकी लीगमध्ये येऊन गेले होते, पण या लीगमध्ये युरोपातल्या माणसाचा निभाव लागत नाही, ही समजूत पक्की होती. युरोपातली रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साधारण तीस मीटर रुंद, या लीगमधली सव्वीस. त्या चार मीटरमध्ये खूप काही येतं. वळायला जागा कमी, विचाराला वेळ कमी आणि अंगावर येणारा माणूस कायम जवळ. त्यात फिलाडेल्फिया फ्लायर्सचा तो काळ. धाकदपटशा हीच त्यांची रणनीती होती आणि 1974 व 1975 चे स्टॅनले कप, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, त्यांनी त्याच बळावर नेली. ‘चिकन स्वीड’, म्हणजे भित्रे स्वीडिश, हा शब्द तेव्हा समोरच्या बाकावरून सर्रास यायचा. पाठीवर स्टिकचे फटके, घोट्यांवर फटके, पक दुसरीकडे असताना छातीत कोपर. हे सगळं सालमिंगच्या वाट्याला पहिल्या मोसमापासून आलं.

त्यानं काय केलं? अंगावर आलेल्याला त्यानं सोडलं नाही, हे खरं. पण त्याचं खरं उत्तर वेगळं होतं. पक सुमारे 170 ग्रॅमचा, कडक रबराचा. तो ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढं सुटतो, तेव्हा बहुतेक जण अंग चोरतात. सालमिंग उलट पुढं जायचा. मारणाऱ्याची स्टिक मागं गेली की हा एका गुडघ्यावर किंवा पूर्ण आडवा घसरत त्याच्या पुढ्यात. पक छातीवर, मांडीवर, कधी हातावर. तेही कितीतरी वर्षं हेल्मेट न घालता. लगेच उठायचं आणि सुटलेला पक घेऊन स्वतःच निघायचं. बचावपटूनं पक बाहेर फेकून द्यावा, पुढचं आघाडीचे पाहतील, असा तिथला जुना रिवाज. हा मात्र मान वर ठेवून, लांब ढांगा टाकत तीन-चार जणांना मागं टाकायचा आणि नेमक्या क्षणी पास सोडायचा. 620 चा आकडा असा उभा राहिला.

1976 च्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा फ्लायर्सच समोर आले. टोरंटोतल्या एका सामन्यात मेल ब्रिजमननं सालमिंगला बडवून काढलं. प्रकरण इतकं चिघळलं की ऑन्टारिओच्या ॲटर्नी जनरलनी फ्लायर्सच्या खेळाडूंवर फौजदारी गुन्हे लावले. पुढच्याच सामन्यात सालमिंग मधल्या पट्ट्यातून सुटला, बर्नी पेरंटसारख्या गोलरक्षकासमोर एकटा पोचला आणि त्यानं पक जाळ्यात वर मारला. लीफ्सचं घरचं स्टेडियम, मेपल लीफ गार्डन्स, उभं राहिलं. मालिका सातव्या सामन्यात फ्लायर्सनी जिंकली, पण त्या गोलमध्ये साऱ्या गुंडगिरीचा जबाब होता. त्याच सप्टेंबरात कॅनडा कप स्पर्धेसाठी तो स्वीडनच्या जर्सीत त्याच गार्डन्समध्ये उतरला, तेव्हा कॅनडाच्या प्रेक्षकांनी परक्या संघातल्या या माणसाला उभं राहून प्रदीर्घ मानवंदना दिली. लीगच्या कारभाऱ्यांच्या आधी टोरंटोच्या प्रेक्षकांना तो कळला होता.

संघमालक हॅरल्ड बॅलर्ड तर हमारस्ट्रॉमबद्दल जाहीरपणे म्हणाले होते की, खिशात सहा अंडी घेऊन हा रिंकच्या कोपऱ्यात गेला तरी एकही फुटणार नाही. हमारस्ट्रॉम मारामारी करत नसे, एवढाच त्याचा गुन्हा. चार मोसमांपैकी तीनदा त्यानं वीस किंवा अधिक गोल केले, तरी 1977 मध्ये त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं. सालमिंग ‘कणखर’ ठरला म्हणून मोठा आणि हमारस्ट्रॉम तसा ठरला नाही म्हणून विसरण्याजोगा, ही वाटणी मला साफ नामंजूर आहे. दोघांवर एकाच लीगनं एकच अन्याय केला.

सालमिंगला स्टॅनले कप कधीच मिळाला नाही. 1978 मध्ये लीफ्स उपांत्य फेरीत पोचले तेवढंच. तेव्हाही तो डोळ्याच्या दुखापतीमुळं बाहेर होता. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक दोनदा हुकला. ऐंशीच्या दशकात बॅलर्ड यांच्या कारभारात संघ रसातळाला गेला, तरी तो 1989 पर्यंत सोळा मोसम तिथंच राहिला. 1986 मध्ये, काही वर्षांपूर्वी आपण कोकेन घेतलं होतं, असं त्यानं एका मुलाखतीत स्वतःहून सांगितलं आणि लीगनं त्याला आठ सामने बाहेर बसवलं. समोरच्याला ठोसे लगावणाऱ्याला मात्र पाच मिनिटांची शिक्षा. या दोन शिक्षा शेजारी ठेवल्या की त्या लीगला काय खपत होतं आणि काय नाही, ते उघड होतं.

डेट्रॉइटला एक मोसम, मग मायदेशी स्टॉकहोमच्या एआयके संघात. 1992 च्या आल्बर्टव्हिल ऑलिंपिकमध्ये चाळिशीतला सालमिंग स्वीडनकडून खेळत होता. 1996 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमनं त्याला घेतलं. स्वीडनचा तो पहिलाच. ऑगस्ट 2022 मध्ये त्याला एएलएस हा मज्जातंतूंचा असाध्य आजार झाल्याचं जाहीर झालं. नोव्हेंबरमध्ये तो टोरंटोला आला तेव्हा वाचा गेली होती. जुना कर्णधार डॅरिल सिटलर शेजारी उभा राहून रडत होता. त्या भेटीत व्हँकुव्हरविरुद्धच्या सामन्यात लीफ्सनी सुरुवातीला बर्फावर उतरवलेले सहाच्या सहा खेळाडू स्वीडिश होते. 24 नोव्हेंबरला, 71 व्या वर्षी, सालमिंग गेला.

त्या सहा जणांच्या मागं मोठी परंपरा आहे. सालमिंगनं टोरंटो सोडलं त्याच 1989 मध्ये मॅट्स सुंदीन हा लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतला गेलेला पहिला युरोपीय ठरला. पुढं तो लीफ्सचा कर्णधार झाला. निकलस लिडस्ट्रॉमनं नॉरिस करंडक सात वेळा जिंकला. तो क्वचितच कुणाच्या अंगावर गेला आणि त्याला भित्रा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. हा फरक सालमिंगनं घडवला. आणि हमारस्ट्रॉम? तो पुढं युरोपातले खेळाडू हेरायच्या कामाला लागला, तेही फिलाडेल्फिया फ्लायर्ससाठी. 1991 च्या निवडीत त्याच्या शब्दावर फ्लायर्सनी सहाव्या क्रमांकावर एक स्वीडिश पोरगा घेतला. त्याचं नाव पीटर फोर्सबर्ग.